ऐकण्याआधीचा निवाडा

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्राम परिषदेपुढे एक ठराव आला. सणाच्या आठवड्यात युवकांनी सभागृहात संगीताचा कार्यक्रम योजला होता. त्यात रॉक संगीत वाजणार आहे, असे कळताच काही पालकांनी व ज्येष्ठांनी तो ठराव लिहून दिला. ‘धर्मग्रामाच्या कोणत्याही वास्तूत रॉक संगीत वाजवू नये’ एवढेच त्याचे शब्द होते. खाली तीन कारणे दिली होती. पहिले, हे संगीत सैतानाचे आहे. दुसरे, ते परके आहे, आपले नाही. तिसरे, ते तरुणांना अमली पदार्थांकडे आणि स्वैराचाराकडे नेते. मी तो ठराव मताला टाकू दिला नाही, स्थगित ठेवला. त्यामुळे काहींचा रोष मी ओढवून घेतला आहे. ‘फादर पोरांना भितात’ असेही माझ्या कानी आले. तेव्हा जे बैठकीत घाईने बोललो, ते येथे सविस्तर मांडणे मला इष्ट वाटते.

आरंभी एक कबुली देणे भाग आहे. हा ठराव पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आला असता, तर त्यावरची पहिली सही माझी असती. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला मी, एका युवक शिबिरात याच विषयावर दीड तास बोललो होतो. हाती एक टंकलिखित पुस्तिका होती. या गाण्यांच्या तबकड्या उलट्या फिरवल्या की सैतानाची स्तुती ऐकू येते, असे तीत लिहिले होते. मी एकही तबकडी सुलट्या बाजूनेसुद्धा ऐकली नव्हती. पण बोललो मात्र ठासून. रात्री शेकोटीपाशी एक मुलगा बुटांचे खोके घेऊन आला. त्यात अकरा कॅसेटी होत्या, प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात गाण्यांची यादी. माझ्या देखत त्याने त्या आगीत टाकल्या आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या याद्यांत कोणती गाणी होती, हे मी वाचलेही नाही. तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. दर रविवारी मिस्साला येतो, भेटला की आदराने बोलतो. मात्र त्या रात्रीनंतर संगीताचा विषय त्याने माझ्याजवळ कधीच काढलेला नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात निकदेम आपल्या सहकाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारतो. एखाद्याचे म्हणणे ऐकून घेण्याआधी, तो काय करतो हे जाणून घेण्याआधी, आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? त्याला उत्तर मिळत नाही. उलट त्याचीच हेटाळणी होते. आमच्या ठरावाबाबत माझे म्हणणे निकदेमाच्या या प्रश्नाहून वेगळे नाही. या संगीताला सत्तर वर्षांहून अधिक इतिहास आहे. तो आधी जाणून घेऊ, मग निवाडा देऊ.

पहिले कारण सैतानाचे. रॉक संगीताचे कूळ शोधत मागे गेले, तर वाट मद्यालयात जाते हे खरे आहे. परंतु ती प्रार्थनामंदिरातही जाते, हे तितकेच खरे आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबलेल्या कृष्णवर्णीयांनी दोन प्रकारची गाणी जपली. आपल्या एकाकी दुःखाला त्यांनी जे सूर दिले, ते पुढे ‘ब्लूज’ म्हणून ओळखले गेले. उपासनेत टाळ्यांच्या ठेक्यावर, अंग डोलवीत जी गाणी ते गात, त्यांतून ‘स्पिरिच्युअल’ आणि ‘गॉस्पेल’ संगीत घडले. मिसर देशातील दास्यातून सुटलेल्या इस्राएलची कथा त्यांना स्वतःची कथा वाटली, हे ती गाणी ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. ‘रॉक अँड रोल’ या शब्दप्रयोगाचीही हीच कहाणी. तो शरीरसुखासाठी वापरला जात असे, आणि उपासनेत भान हरपून डोलण्यासाठीही वापरला जात असे. ठराव मांडणाऱ्यांना पहिला अर्थ ठाऊक होता. दुसरा कोणी त्यांना सांगितलेलाच नाही.

सिस्टर रोझेटा थार्प हे नाव आमच्या किती घरांत ठाऊक आहे? ही धर्मभगिनी नव्हे. तिच्या पंथात श्रद्धावंत स्त्रीला ‘सिस्टर’ म्हणत. इ.स. १९१५ मध्ये आर्कान्सा राज्यात तिचा जन्म झाला. आई सुवार्ताप्रसारक होती, आणि लहानगी रोझेटा तिच्याबरोबर गावोगावच्या उपासनांत गिटार घेऊन गात असे. पुढे तिने विजेची गिटार हाती घेतली. इ.स. १९४५ मध्ये तिचे एक गॉस्पेल गीत कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत झळकले. ते ऐकताना आजही वाटते की, रॉक अँड रोलचा ठेका येथे जवळजवळ पूर्ण तयार आहे. ती रात्रीच्या क्लबांतही गायिली, त्यामुळे तिच्याच पंथातील लोक दुखावले; हेही सांगितले पाहिजे. इ.स. १९४७ मध्ये जॉर्जिया राज्यातील मेकन शहरी तिने एका पोरगेल्या गायकाला आपल्या कार्यक्रमात गाण्याची संधी दिली. तोच पुढे लिटल रिचर्ड म्हणून गाजला. थार्प इ.स. १९७३ मध्ये वारली. कित्येक वर्षे तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने तिला मानाचे स्थान दिले ते इ.स. २०१८ मध्ये.

एल्व्हिस प्रेस्ली ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या पंथाच्या उपासनेत वाढला. त्याच्या गाण्यांना जे तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, ते तिन्ही धार्मिक गायनासाठी मिळालेले आहेत. जेरी ली लुईस या पियानोवादकाचा मावसभाऊ म्हणून वाढलेला जिमी स्वॅगर्ट हा नामांकित प्रवचनकार होता. दोघे एकाच गावात, एकाच प्रकारच्या उपासनेत पियानो वाजवायला शिकले. एकाने आयुष्यभर रॉक वाजवले, दुसऱ्याने व्यासपीठावरून रॉकचा धिक्कार केला, आणि इ.स. १९८८ मध्ये हजारो लोकांसमोर अश्रू ढाळून स्वतःच्या पापाची कबुली देण्याची वेळ आली ती धिक्कार करणाऱ्यावर. मी हे कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. पाप वाद्यात शोधणाऱ्याचे हृदयाकडे दुर्लक्ष होते, एवढेच सुचवावयाचे आहे.

उलट्या तबकडीचे काय? या आरोपाची छाननी न्यायालयात झालेली आहे. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात इ.स. १९८५ च्या नाताळाआधी दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या. एक जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. त्यांच्या कुटुंबीयांनी ‘जुडास प्रीस्ट’ या इंग्लिश वाद्यवृंदावर दावा लावला. गाण्यात लपवलेल्या शब्दांनी मुलांना मरणाकडे ढकलले, असे त्यांचे म्हणणे होते. इ.स. १९९० मध्ये रेनो शहरात त्यावर सुनावणी झाली आणि न्यायाधीशांनी दावा फेटाळला. मुद्दाम कोणते शब्द लपवल्याचे सिद्ध होत नाही, आणि त्यामुळे मृत्यू ओढवले असेही सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. ते दोघे त्या दिवशी दारू प्याले होते, गांजा ओढत होते आणि त्यांच्या आयुष्याची घडी फार आधीच विस्कटलेली होती, हेही सुनावणीत पुढे आले. दोन कोवळी पोरे गेली, आणि आपण मात्र तबकडी उलटी फिरवीत बसलो. माझ्या त्या शिबिरातील भाषणाच्या कितीतरी आधी हा निकाल लागलेला होता. मला त्याचा पत्ताही नव्हता. आता तीच पुस्तिका मोबाइलवरून घरोघर फिरते आहे, आणि ती पुढे पाठवणारेही तबकडी ऐकत नाहीत.

येथे मला आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक अवघड पान उघडावे लागते. रॉक अँड रोलविरुद्ध पहिले मोठे रण इ.स. १९५६ मध्ये अलाबामात पेटले. ते पेटवणाऱ्यांत गौरवर्णीयांचे वर्चस्व टिकवू पाहणारी नागरिक मंडळे आघाडीवर होती. गोऱ्या मुलांना काळ्यांच्या पातळीवर खेचण्याचा हा कट आहे, असा त्यांचा प्रचार होता. त्यांना खरा सल होता तो वेगळाच. दक्षिणेतील अनेक सभागृहांत मध्ये दोरी बांधून एका बाजूस गोरे आणि दुसऱ्या बाजूस काळे बसवले जात. पण गाणे सुरू झाले की नाचणारी मुले त्या दोरीला जुमानीनाशी झाली होती. त्याच वर्षी १० एप्रिल रोजी बर्मिंगहॅम शहरात नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकावर रंगमंचावर चढून हल्ला करण्यात आला. श्रोतृवर्ग सगळा गोरा होता. कोल हा रॉक गायक नव्हताच. एका बाप्टिस्ट धर्मसेवकाचा हा मुलगा हळुवार प्रेमगीते गात असे. हल्लेखोरांना फक्त त्याचा वर्ण दिसला.

पुढच्याच वर्षी, इ.स. १९५७ मध्ये, शिकागोचे कार्डिनल स्ट्रिच यांनी पालकीय पत्र काढून आपल्या महाधर्मप्रांतातील कॅथलिक शाळांतून व करमणुकीच्या कार्यक्रमांतून रॉक अँड रोल हद्दपार केले. त्या पत्रात रानटी टोळ्यांच्या तालांचा उल्लेख आला. कार्डिनलमहोदय आणि अलाबामातील ते हल्लेखोर यांना मी एका पंगतीला बसवत नाही. कार्डिनलांना तरुणांच्या शीलाची चिंता होती, आणि ती प्रामाणिक होती. पण ज्या तालांना त्यांनी टोळ्यांचे ताल म्हटले, ते त्यांच्याच शहरात, दक्षिणेकडून पोटासाठी आलेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत दर रविवारी देवाची स्तुती करीत होते. मेंढपाळाने तिकडे जाऊन एकदा ऐकले असते, तर तो शब्द त्याच्या लेखणीतून उतरला असता काय? न ऐकता दिलेल्या निवाड्याचा धोका हाच आहे. आपण शीलासाठी लढतो आहोत असे आपल्याला वाटते, आणि शेजारी पाहावे तर भलतेच लोक आपल्या बाजूने उभे असतात.

आता दुसरे कारण. ‘हे परके आहे, आपले नाही.’ हा आक्षेप ज्यांच्या तोंडून आला, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे; पण त्यांच्या लग्नातील बँडने कोणती वाद्ये वाजवली होती? ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ड्रम यांपैकी काय आपल्या मातीत उगवले? गोव्यात पोर्तुगीज अमदानीत धर्मग्रामाच्या शाळांतून मुलांना सुरांची लिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिदोरीवर गोव्याचे कॅथलिक वादक मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले, आणि शिष्याने इ.स. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव अजरामर केले. पुढे गोव्याच्याच रेमो फर्नांडिस यांनी रॉकचा बाज घेऊन आपल्या समाजाच्या दुखण्यांवर गाणी रचली. इ.स. १९८६ च्या त्यांच्या गीतसंग्रहाचे नावच मुळी गर्द झुगारून देण्याचे आवाहन करणारे आहे. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा जगप्रसिद्ध गायक फ्रेडी मर्क्युरी हा फारोख बुलसारा या नावाने आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, आणि त्याने पहिला वाद्यवृंद काढला तो तेथेच.

तेव्हा ‘परके’ हा शब्द आपण जपून वापरावा. फादर स्टीफन्स हे इंग्रज. त्यांनी मराठीची ओवी आपलीशी केली आणि इ.स. १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. त्या ओवीला परकी म्हणून त्यांनी दूर लोटले असते, तर आपण किती दरिद्री राहिलो असतो! वाद्यांचीही तीच गत. इ.स. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानोला आणि ढोल-झांजांसारख्या वाद्यांना मनाई केली होती. आज कीबोर्डवाचून आपले गायकवृंद तोंड उघडत नाहीत! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इ.स. १९६३ मध्ये ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांसही, ती उपासनेस साजेशी असतील तर, दार उघडून दिले. ‘साजेशी असतील तर’ ही अट मला मान्य आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येतोच. पण आमचा ठराव वेदीसंबंधी नव्हताच; तो सभागृहासंबंधी होता. वेदी आणि सभागृह यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याने वेदीच्या पावित्र्याची ग्वाही देऊ नये.

तिसरे कारण सर्वांत वजनदार आहे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन इ.स. १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अवघ्या सोळा दिवसांच्या अंतराने गेले. पुढच्या जुलैत जिम मॉरिसन गेला. तिघेही सत्तावीस वर्षांचे होते. पहिल्या दोघांचा घास तर सरळसरळ अमली पदार्थांनी घेतला. इ.स. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक येथे सुमारे चार लाख तरुण शांततेचे स्वप्न घेऊन चिखलात बसले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट येथे, रंगमंचाची राखण करण्यास बोलावलेल्या मोटारसायकलस्वारांच्या टोळीपैकी एकाने अठरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला भोसकून मारले. गाणे चालूच होते. ज्यांना रॉकच्या इतिहासात फक्त मुक्ती दिसते, त्यांनी ऑल्टमाँटची ती रात्र वाचावी.

पंडित रविशंकर यांचे उदाहरण मला येथे बोलके वाटते. इ.स. १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात त्यांनी हेंड्रिक्सला रंगमंचावर आपली गिटार पेटवताना पाहिले आणि ते व्यथित झाले. ज्या परंपरेत वाद्याला नमस्कार केल्यावाचून हात लावत नाहीत, त्या परंपरेचा तो कलावंत होता. मैफलीत नशा करून बसणाऱ्या श्रोत्यांना त्यांनी तोंडावर सुनावले. पण म्हणून त्यांनी पाठ फिरवली नाही. इ.स. १९७१ मध्ये पूर्व बंगालचे निर्वासित लाखोंच्या संख्येने भारतात आले, तेव्हा त्यांनी जॉर्ज हॅरिसनलाच हाक मारली. १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेले दोन कार्यक्रम सुमारे चाळीस हजार लोकांनी ऐकले, आणि रॉक संगीताच्या लोकप्रियतेचे बळ उपाशी लेकरांच्या कामी आले. त्यातील बराचसा पैसा पुढे कित्येक वर्षे करांच्या कचाट्यात अडकला, हेही खरे. रविशंकरांचा निवाडा कडक होता, पण तो ऐकून दिलेला होता. म्हणून त्याला वजन होते, आणि म्हणूनच हॅरिसनने त्यांचे ऐकले.

आणि पापाचाच हिशेब मांडायचा, तर तो पुरता मांडू. रॉकविरुद्ध झालेली प्रवचने आठवून पाहा. सगळी सहाव्या आज्ञेपाशी अडतात. सातव्या आज्ञेकडे कोणी वळले काय? बिग ममा थॉर्न्टन या कृष्णवर्णीय गायिकेने इ.स. १९५२ मध्ये जे गीत ध्वनिमुद्रित केले, तेच चार वर्षांनी प्रेस्लीच्या आवाजात जगभर गेले. आपल्याला त्या गाण्यापायी एकूण पाचशे डॉलरचा एकच धनादेश मिळाला, असे ती सांगत असे. लिटल रिचर्डचे गाणे पॅट बून या गोऱ्या गायकाने सौम्य करून गायिले आणि सर्वसाधारण यादीत ते मूळ गाण्याच्याही वर गेले. एखादे गाणे वारंवार लावावे म्हणून नभोवाणीवरील निवेदकांना पैसे चारले जात. इ.स. १९६० च्या सुमारास अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली, आणि ‘रॉक अँड रोल’ हे नाव घराघरांत नेणारा अ‍ॅलन फ्रीड त्यात धुळीला मिळाला. मजुराची मजुरी दाबून ठेवणे हे स्वर्गाकडे आक्रोश करणारे पाप आहे, असे आपण धर्मशिक्षणात शिकतो. मग गायिकेची मजुरी दाबली गेली, तेव्हा आपली व्यासपीठे नाचणाऱ्यांच्या झग्यांची लांबी का मोजत होती?

या संगीताने समाजाचे काय केले, याचे आणखी एक उदाहरण देतो, कारण तेथे तुरुंगात गेलेल्यांत एक धर्मसेवक होता. साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा रॉक वाद्यवृंद होता. सरकारने त्यांचा परवाना काढून घेतला, तरी ते खळ्यांतून, खासगी घरांतून वाजवीत राहिले. इ.स. १९७६ मध्ये धरपकड झाली. सप्टेंबरात प्राग येथे चौघांना शिक्षा झाल्या, आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत. त्यांपैकी एक होता स्वातोप्लुक कारासेक, प्रॉटेस्टंट धर्मसेवक. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची धार्मिक गीते चेक भाषेत बसवून तो गात असे. हे संगीत उनाड, परके आणि तरुणांना बिघडवणारे आहे, असे त्याला तुरुंगात टाकणारे सांगत होते. शब्द ओळखीचे वाटतात ना? तो खटला पाहून व्हाक्लाव्ह हावेल यांच्यासारखे लेखक हादरले, आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हे मानवी हक्कांचे निवेदन प्रसिद्ध झाले. योसेफ झ्वेर्झिना या कॅथलिक धर्मगुरूंनीही त्यावर सही केली. केस वाढवलेल्या वादकांसाठी एक धर्मगुरू आपले स्वास्थ्य पणाला लावतो, तेव्हा त्याला त्यांचे प्रत्येक गाणे आवडले असेल असे नाही. त्याने एवढेच ओळखले असावे की, ज्यांना ऐकूनच घेतले जात नाही त्यांच्या बाजूला प्रभू येशू उभा राहतो.

आता दोन शब्द ठरावाच्या विरोधकांना. बैठकीत काही युवक व तरुण पालक म्हणाले, “फादर, संगीत ते संगीत. काळाबरोबर चालायला हवे.” हे म्हणणे मला ठरावाइतकेच आळशी वाटते. संगीत ही केवळ करमणूक असती, तर सत्तांनी गायकांना तुरुंगात टाकले नसते आणि व्यापाऱ्यांनी निवेदकांना लाच दिली नसती. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात स्वतःची झडती घेतली आहे. स्तोत्रातील शब्दांपेक्षा सूरच मनाला अधिक भुलवतात, तेव्हा आपण चुकतो, असे त्यांना वाटे. तरीही चर्चमधील गायन त्यांनी टाकाऊ ठरवले नाही. चर्चमध्ये गिटार आणि ड्रम आणून ठेवताना आपल्यापैकी कितीजणांनी अशी झडती घेतली? कानठळ्या बसवणारा आवाज लावला की तरुण येतील, हा हिशेब भक्तीचा नव्हे, बाजाराचा आहे.

ख्रिस्तसभेतील दोन थोर पुरुषांचे या विषयावर एकमत नव्हते, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यावे. २७ सप्टेंबर १९९७ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी, ख्रिस्तप्रसाद परिषदेच्या निमित्ताने, पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर बॉब डिलन गायिला. लाखो तरुण जमले होते. डिलनच्या एका प्रसिद्ध गीतातील वाऱ्याचा धागा पकडून पोपमहोदयांनी पवित्र आत्म्याच्या वाऱ्याविषयी प्रवचन केले. कार्डिनल रात्झिंगर यांना हा कार्यक्रम पटला नव्हता. पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाल्यावर त्यांनी तसे लिहूनही ठेवले. इ.स. २००० मध्ये उपासनेच्या आशयावरील आपल्या ग्रंथात त्यांनी रॉक महोत्सवांतील उन्मादाची कठोर चिकित्सा केली. गर्दी, ताल आणि आवाज यांत माणूस स्वतःला हरवून बसतो आणि त्यालाच मुक्ती समजतो, हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. उपासनेपुरते मला रात्झिंगर यांचे म्हणणे पटते. मिस्सामध्ये आपण स्वतःला हरवायला नव्हे, प्रभूला भेटायला येतो. पण सभागृहात, जेथे धर्मगुरू तरुणांना भेटायला जातो, तेथे मला बोलोन्याचे पोप जवळचे वाटतात. या दोघांपैकी एकानेही न ऐकता, न अभ्यासता निवाडा दिला नव्हता.

कोणी म्हणेल, आजच्या मुलांच्या कानात रॉक कुठे उरले आहे? त्यांच्या कानात रॅप आहे. अगदी बरोबर. खरी गंमत ही की, ठराव मांडणाऱ्यांपैकी एकदोघे एके काळी बेलबॉटम घालून याच गाण्यांवर नाचलेले आहेत. त्यांचे आईवडीलही तेव्हा हेच बोलत होते. म्हणूनच हा इतिहास शिकावयाचा. अमेरिकेतील गरीब वस्त्यांत जन्मलेले रॅप आता धारावीच्या गल्ल्यांतून मराठी-हिंदीत बोलते आहे, आणि आपण त्याच्याविषयी रानटी, परके, बिघडवणारे हेच जुने शब्द काढू लागलो आहोत. शिकागोच्या पत्रातील चूक आपल्या धर्मग्रामात पुन्हा होऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

तेव्हा मी परिषदेपुढे असा प्रस्ताव ठेवला आहे. येत्या महिन्यांत पाच संध्याकाळी पालकांनी आणि मुलांनी एकत्र बसावे. पहिल्या संध्याकाळी थार्पबाईंची गिटार आणि कृष्णवर्णीयांची उपासना. दुसऱ्या संध्याकाळी १९५६ चे अलाबामा आणि १९५७ चे शिकागो. तिसऱ्या संध्याकाळी वुडस्टॉक आणि ऑल्टमाँट एकाच बैठकीत, म्हणजे कोणालाही अर्धे सत्य घेऊन घरी जाता येणार नाही. चौथ्या संध्याकाळी प्रागचा खटला. पाचव्या संध्याकाळी गोवा आणि मुंबईचे आपले वादक, आणि आपल्या मुलांची स्वतःची गाणी. प्रत्येक गीताचे शब्द मराठीत समजावून घ्यावेत आणि तीन प्रश्न विचारावेत. हे कोणाच्या दुःखातून किंवा आनंदातून आले? यातून पैसा कोणाकडे गेला? आणि ऐकून उठल्यावर मी शेजाऱ्याच्या जवळ गेलो की दूर? सर्व काही पारखून जे चांगले ते धरून ठेवावे, असे संत पौल थेस्सलनीकाकरांना सांगतात. पारखणे हे तेथे पहिले काम आहे; धरणे किंवा टाकणे त्यानंतरचे.

पहिल्या संध्याकाळचे निमंत्रण मी त्या बुटांच्या खोक्यातील कॅसेटींच्या मालकाला स्वतः जाऊन दिले, आणि जे कितीतरी आधी करावयास हवे होते ते केले. त्याची क्षमा मागितली. त्या अकरा कॅसेटींवर काय होते, तेही विचारले. त्याने बराच वेळ आठवून सात सांगितल्या. त्या सातही ऐकण्याचे मी ठरवले आहे.

पाचवी संध्याकाळ संपली की मी तो ठराव मताला टाकीन. तो संमत झाला, तरी मी निमूटपणे मान्य करीन. तो ऐकून दिलेला निवाडा असेल.